काचेतल्या बॅटीचं साल

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये सिताराम खिल्लारे एकोणतीस वर्षं नोकरीला होता. इन्स्टिट्यूट म्हणजे रेल्वेवाल्यांचा क्लब. एक लांबट हॉल, कॅरमची दोन टेबलं, वर्तमानपत्रांचा स्टँड, मागे खेळाच्या सामानाची खोली आणि पुढे बाभळींनी वेढलेलं क्रिकेटचं मैदान. त्याआधी सिताराम लोकोशेडात खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर होता. चौसष्ट साली डबे जोडताना डाव्या हाताची तीन बोटं कपलिंगमध्ये सापडली. दवाखान्यातून बाहेर आला तेव्हा साहेबानं हलकं काम म्हणून त्याला इन्स्टिट्यूटमध्ये टाकलं. झाडायचं, पुसायचं, सामान द्यायचं, मोजून परत घ्यायचं.

सामानाच्या खोलीत सदुसष्ट बॅटी होत्या. निजामाच्या रेल्वेपासून साठत आलेल्या. कुणाचा दांडा मोडलेला, कुणी बदली झाली म्हणून टाकून गेलेली. सहासष्ट साली रेल्वेचा झोन बदलला आणि वरून कागद आला, सगळ्या सामानाची नवी यादी करा, प्रत्येक वस्तू कोणत्या सालची ते लिहा. जुनं रजिस्टर काढलं तर वाळवीनं नुसता पुठ्ठा शिल्लक ठेवलेला. अंदाजानं काहीतरी लिहून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. सितारामला ते जमेना. तो चौथीपर्यंत शिकलेला, त्यातलंही निम्मं उर्दूत. इंग्रजी अक्षरं त्यानं इंजिनांच्या पाट्यांवरून ओळखीची करून घेतलेली. तो एकेक बॅट घेऊन उन्हात बसला आणि लाकडावरचे छाप बघायला लागला.

दोन महिन्यांत त्याला बरंच कळलं. रेल्वे आपल्या मालावर तापलेल्या लोखंडानं शिक्का मारायची. एन. एस. आर. असेल तर ती निजामाच्या काळातली. सी. आर. म्हणजे मध्य रेल्वे, म्हणजे एक्कावन्नच्या पुढची. पण एवढ्यानं नेमकं साल हाती लागत नव्हतं. ते सांगायचा कारखान्याचा छाप. बहुतेक बॅटी एकाच कारखान्याच्या होत्या, घोड्याच्या छापाच्या. जुन्या बॅटींवर घोड्याखाली सियालकोट, नव्यांवर जालंदर. शेडातल्या एका म्हाताऱ्या पंजाबी फिटरनं त्याला त्याचं कारण सांगितलं. फाळणीत मालक सगळं सोडून इकडे आले, जालंदरला त्यांनी नवा कारखाना घातला. पहिली दीड-दोन वर्षं त्यांच्याजवळ जुनाच ठसा होता, त्यातलं गावाचं नाव कानशीनं घासून काढलेलं. त्या बॅटींवर घोडा आहे आणि खाली नुसती कोरी पट्टी. पंचावन्नच्या सुमाराला घोड्यानं पुढचा एक पाय उचलला. साठनंतर जाळलेला ठसा गेला आणि रंगीत कागद चिकटायला लागला. असं करत करत सितारामनं सदुसष्टच्या सदुसष्ट बॅटींना साल लावलं. यादी वर गेली. तिकडे ती कुणी वाचली की नाही, देव जाणे. पण तेव्हापासून बॅट हातात आली की त्याचा अंगठा आपोआप खांद्यापाशी जायचा, जिथं छाप असतो तिथं.

त्याच्या या नादाचं कौतुक करणारा एकच माणूस होता. किशनराव सोळंके. पिंगळीचे, शेतीवाडी असलेल्या घरातले, स्टेशनात हेडक्लार्क आणि इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी. रोज चारच्या सुमाराला ते ऑफिसातून सुटायचे आणि सितारामबरोबर कॅरम खेळायला बसायचे. सितारामला डाव्या हाताची दोनच बोटं, पण उजव्या हाताचा नेम असा की क्वीन हमखास त्याची. किशनराव हरले की म्हणायचे, "सिताराम, तू ह्या टेबलाचं साल सांग बरं. मला वाटतं हे तुझ्याच बाजूनं बनवलेलं हाय."

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. चुडाव्यापलीकडे सितारामचं गाव होतं, तिथं बौद्धांची अकरा घरं जळाली. त्यात त्याच्या बापाचं होतं. धाकटा भाऊ लिंबाजी बायकापोरं घेऊन कल्याणला गेला तो पुन्हा आला नाही. त्या दिवसांत इन्स्टिट्यूटमध्ये कुणी सितारामच्या तोंडाकडे बघत नव्हतं. कुणाला लाज वाटत होती, कुणाला आणखी काही. किशनराव संध्याकाळी त्याच्या क्वार्टरवर आले आणि दाराबाहेरच्या बाजेवर बसले. सितारामच्या बायकोनं, चांगुणाबाईनं, पाणी दिलं, ते प्याले. चहा दिला, तो प्याले. मग उठून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. असे आठ दिवस आले. सिताराम ते कधी विसरला नाही.

चार वर्षांनी चांगुणाबाई कावीळ होऊन गेली. एकच मुलगी, ती वसमतला दिलेली, तिचा संसार मोठा. मग सितारामच्या दिवसात माणसाशी बोलायची वेळ म्हणजे ती चार ते सहा, कॅरमच्या टेबलाशी. बाकी वेळ तो, झाडू आणि बॅटी.

इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये भिंतीला लावून एक काचेची पेटी होती. तिच्यात एक बॅट. खाली पाटीवर लिहिलेलं की अडतीस सालच्या जानेवारीत सिकंदराबादच्या संघाविरुद्ध गार्ड बन्सीधर सोळंके यांनी याच बॅटीनं शेवटच्या चेंडूवर चौकार मारून सामना जिंकून दिला. बन्सीधर म्हणजे किशनरावांचे वडील. एकोणपन्नासला ते रिटायर झाले, एकसष्टला वारले. पेटी सत्तावन्नची, हॉल नवा झाला तेव्हाची. तिला कुलूप होतं आणि किल्ली सेक्रेटरीकडे, त्यामुळे यादीतल्या सदुसष्टांत ही बॅट नव्हती. सितारामनं ती कधी हातात घेतलेली नव्हती.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत त्या सामन्याला पन्नास वर्षं होणार होती. मोठा कार्यक्रम ठरला. साहेब येणार, नवी पितळी पाटी लागणार. पंधरा दिवस आधी किशनरावांना हैदराबादला कामासाठी जावं लागलं. त्या गडबडीत त्यांनी किल्ली मदतनीस कारकुनाच्या हाती दिली, आणि त्यानं ती सितारामला आणून दिली. "पेटी आतून पुसून घ्या, आन बॅटीला जरा तेल लावा."

सितारामनं बॅट बाहेर काढली. खांद्यापासून चार बोटं खालपर्यंत तिच्यावर दोरा गुंडाळलेला होता, तडा गेलेल्या बॅटीला गुंडाळतात तसा. दोरा कुजलेला, हात लावला की सुटायला लागला. नवा गुंडाळावा म्हणून त्यानं जुना काढला. खाली तडा नव्हताच. लाकूड धडधाकट. त्याच्यावर घोडा होता, चारही पाय जमिनीवर ठेवलेला, आणि घोड्याखाली जालंदर. बाजूला सी. आर.

सिताराम खिडकीपाशी गेला. उजेडात पुन्हा बघितलं. काही शंकाच नव्हती. एक्कावन्नच्या आधीची नव्हे आणि पंचावन्नच्या नंतरची नव्हे. बन्सीधर गार्ड तेव्हा घरी बसलेले. ही बॅट त्यांच्या हातात कधी असणंच शक्य नव्हतं.

त्याला पहिल्यांदा राग आला तो मित्राच्या वतीनं. कुणीतरी हरामखोरानं खरी बॅट ढापली, हिला दोरा गुंडाळला आणि पेटीत ठेवून दिली. किशनराव परत आले त्या दिवशी चार वाजता तो त्यांची वाटच बघत होता. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"किशनराव, एक वंगाळ गोष्ट झालीय. तुमच्या वडलांची बॅट कुणीतरी बदललीय."

किशनराव खुर्ची ओढत होते, ते तसेच थांबले. "कोण म्हणतं?"

"कोण कशाला म्हणंल? मी बगितलं. हा घोडा बगा. हे जालंदर हाय. त्या टायमाला जालंदरचा माल नव्हताच. आन ह्यो शिक्का तर..."

"दोरा कोणी काढला?"

"कुजला होता. मी नवा गुंडाळावा म्हणून..."

"कोणी सांगितलं होतं काढायला?"

किशनरावांचा चेहरा पांढरा पडला होता. पंचवीस वर्षांत त्यांनी सितारामला तू सोडून दुसऱ्या शब्दानं हाक मारली नव्हती. आता ते म्हणाले, "तुमी बॅटी पुसायच्या. त्यांना साल लावायचं न्हाई. कामून आमच्या बापाचं नाव पुसायला निघालाव तुमी?"

ते गेले. सिताराम बॅट हातात धरून उभा राहिला. वडलांच्या नावाचं त्याला तितकं लागलं नाही. रागात माणूस बोलतो. त्याच्या मनात ते 'तुमी' अडकलं. ते त्याला एकट्याला होतं, की त्याच्यासकट सगळ्या बौद्धांना? नाव पुसायचं, नाव द्यायचं, हे शब्द त्या दहा वर्षांत साधे राहिले नव्हते. गावच्या पारावर, ऑफिसात, एसटीत ते ऐकले की माणसं आधी कोण बोललं ते बघायची. आणि किशनराव तर सगळं जाणणारा माणूस.

त्यानं नवा दोरा आणला, छाप झाकून नीट गुंडाळला, तेल लावलं आणि पेटी बंद केली.

कार्यक्रम थाटात झाला. पाटीवरचा पडदा ओढायची दोरी साहेबांच्या हातात द्यायचं काम सितारामकडे होतं, ते त्यानं केलं. किशनरावांनी भाषण केलं ते थोडक्यात, कागदावर बघून, आणि सगळा वेळ पेटीकडे पाठ करून. दुसऱ्या दिवशी चार वाजता सितारामनं टेबलावर पावडर टाकली. किशनराव आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं सितारामनं पावडर टाकणं सोडलं. त्याच जुलैत किशनराव रिटायर झाले. निरोपाला हार घालायला सिताराम रांगेत उभा होता. किशनरावांनी मान खाली घालून हार घेतला. "येतो," एवढंच म्हणाले, आणि ते सगळ्यांनाच म्हणत होते.

पुढची पाच वर्षं इन्स्टिट्यूट हळूहळू रिकामी होत गेली. रुंद रूळ येणार म्हणून शेडातली वाफेची इंजिनं कमी होऊ लागली, त्यांच्याबरोबर ड्रायव्हर, फायरमन, फिटर बदलून जायला लागले. ज्या मैदानावर दर रविवारी मॅच व्हायची तिथं स्लीपरांच्या थप्प्या आल्या. सिताराम सकाळी हॉल उघडायचा, वर्तमानपत्र स्टँडला लावायचा, आणि पुष्कळदा ते वाचणारा तोच एकटा असायचा. कुणी त्याच्याशी भांडत नव्हतं, कुणी बोलतही नव्हतं. एकदा मुलगी वसमतहून आली आणि म्हणाली, "बाबा, तुमी लय हळू बोलायलाव." त्याला कळलं की आवाज वापरायची सवयच गेलीय.

किशनरावांचा राग त्याच्या मनात दरवर्षी नव्या तऱ्हेनं यायचा. कधी वाटायचं, आपणच चूक केली, बापाची गोष्ट होती, गप्प बसायला पाहिजे होतं. कधी वाटायचं, अठ्ठ्याहत्तरला आठ दिवस बाजेवर येऊन बसलेला माणूस खरा, की हा? आणि दोन्ही खरे असतील तर मग कुणावर विश्वास ठेवायचा?

त्र्याण्णवच्या जूनमध्ये कागद आला. इन्स्टिट्यूट बंद होणार, सगळं सामान मोडीत काढायचं. पेटीसुद्धा. यादीत नाव, नग, साल. सप्टेंबरात सिताराम रिटायर होणार होता, म्हणजे हे त्याचं शेवटचं काम. सदुसष्ट बॅटी त्यानं एका दुपारी लिहून काढल्या. अडुसष्टावी राहिली. अडतीस लिहावं तर खोटं. एक्कावन्न ते पंचावन्न लिहावं, तर त्या माणसाला न सांगता लिहायचं? चार दिवस तो रकाना कोरा राहिला. रविवारी सकाळी सिताराम पॅसेंजरनं पिंगळीला गेला.

किशनरावांचं घर त्यानं विचारत शोधलं. सून सुमनबाई दारात आली. नाव सांगितल्यावर ती क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "पूर्णेचे का? या, या. मामंजी ओसरीवरच हायत."

किशनराव खुर्चीत बसले होते. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आलेला, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला. बोलताना जीभ जड. सितारामनं यादी दाखवली आणि कशासाठी आलो ते सांगितलं. किशनरावांनी डाव्या हातानं यादी जवळ ओढली. मग म्हणाले, "खरं साल लिही."

"मग खरी बॅट कुठं गेली म्हणून विचारतील."

"कोणी विचारणार न्हाई. विचारलं तर सांग, चुलीत गेली."

सितारामला वाटलं जीभ जड असल्यामुळं आपण चुकीचं ऐकलं. पण किशनराव बोलत राहिले, थांबत, अडखळत. खरी बॅट घरीच होती. वडलांनी रिटायर होताना आणलेली. आई, नर्मदाबाई, त्या बॅटीनं विहिरीवर गोधड्या धोपटायची. तिला काय ठाऊक! पाचसहा वर्षांत बॅट चिरली, मग एका हिवाळ्यात पाण्याच्या चुलीत गेली. सत्तावन्नला नवा हॉल झाला आणि साहेबांनी बन्सीधर गार्डची बॅट मागितली. किशनराव तेव्हा नवे कारकून. घरात जाळली असं सांगायची त्यांना लाज वाटली. त्यांनी सामानाच्या खोलीतली एक जुनाट दिसणारी उचलली, छापावर दोरा गुंडाळला.

"बापाला कळलं?" सितारामनं विचारलं.

"कार्यक्रमाला आले होते. मोतीबिंदू झालेला. हातात घेतली, वरून अंगठा फिरवला आन म्हणले, हलकी झाली रे. बास. घरी आल्यावर एक शब्द न्हाई."

आत भांडी वाजत होती. किशनराव ओसरीखालच्या तुळशीकडे बघत म्हणाले, "तू सांगायला आलास तेव्हा मला वाटलं, सगळ्यांना कळलं. पाटी लागायची होती. मी पकडलो गेलो होतो रे. मला तुझ्यासमोर बसता येईना."

"आन मला काय वाटलं असंल?"

"तुला काय वाटलं ते मला त्याच दिवशी कळलं. दारातून मागं बगितलं होतं मी. तुझं तोंड बगितलं." त्यांनी डाव्या हातानं तोंड पुसलं. "ते खोडून काढायचं तर मग खरं सांगावं लागलं असतं. म्हणून तुला जे वाटायचं ते वाटू दिलं."

सिताराम उठला. त्याला ओरडावंसं वाटत होतं, पण आवाज निघाला तो हळूच. "पाच वर्षं, किशनराव. मी रोज त्या एका शब्दावर घासायलो. माझं घर जळालं तवा तुमी आले होते. मी म्हणलो, ते पण खोटंच असंल. तेवढं सुद्धा तुमी ठिवलं न्हाई मला."

सुमनबाई चहा घेऊन आली तेव्हा तो पायऱ्या उतरला होता. परतीच्या गाडीला तीन तास होते. पिंगळीच्या फलाटावर लिंबाच्या झाडाखाली तो तेवढा वेळ बसून राहिला. घरी येऊन त्यानं यादीत अडुसष्टाव्या बॅटीपुढे लिहिलं, 'एक्कावन्न ते पंचावन्न, जालंदर.' कुणी काही विचारलं नाही. महिन्याभरानं ठेकेदाराचा ट्रक आला आणि बॅटी, टेबलं, पेटी, सगळं एकावर एक टाकून घेऊन गेला.

सप्टेंबरात क्वार्टर सुटलं. पूर्णेतच बौद्धवाड्याच्या टोकाला त्यानं एक खोली घेतली. राग होता तसाच होता, पण रिकाम्या रविवारी करायचं काय? एका रविवारी तो उठून पिंगळीला गेला. किशनरावांनी तो विषय काढला नाही, त्यानंही काढला नाही. पाऊस, पेन्शनचे कागद, कुठल्या ड्रायव्हरची कुठं बदली झाली, एवढ्याच गोष्टी झाल्या. असा तो चार रविवार गेला. चौथ्या वेळी किशनराव अंदाज घेत म्हणाले, "पुढच्या रविवारी कॅरम मागवून ठेवतो. डाव्या हातानं खेळीन. तुझ्या बरोबरीचा झालो आता." सितारामला हसू आलं आणि त्याच क्षणी आपण इतक्या लवकर हसलो याचा राग आला. पुढच्या आठवड्यात रुंद रुळांच्या कामासाठी लाइन बंद झाली, पॅसेंजर थांबली. एसटी होती. तो गेला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही गेला नाही. बघू, म्हणाला. दोन महिने तसेच गेले.

चौदा जानेवारीला विद्यापीठाला नाव मिळाल्याची बातमी आली. बौद्धवाड्यात हलगी वाजली, बाया दारात रांगोळ्या घालायला लागल्या, शेजारच्या गीताबाईनं त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि रडायलाच लागली. सगळे एकमेकांना कवेत घेत होते. सिताराम त्या गर्दीत उभा होता आणि त्याला एकदम वाटलं, हे सांगायला जावं असा माणूस आपल्याला एकच आहे. रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन तो एसटीनं पिंगळीला उतरला.

दारात सुमनबाईच होती. कपाळाला हात लावून म्हणाली, "तुमाला कळलं न्हाई व्हय? शुक्रवारी बारावा होता त्यांचा. तुमचा पत्ताच कोणाला म्हाईत नव्हता. क्वार्टर सुटलं म्हणले पूर्णेचे लोक."

त्यानं खोली घेतल्याचं किशनरावांना सांगितलं होतं, पण कुठं ते सांगितलं नव्हतं.

ओसरीवर घोंगडी टाकली. सिताराम बसला. सुमनबाई उंबऱ्यापाशी बसून सांगत होती. दर रविवारी सकाळी मामंजी खुर्ची रस्त्याच्या तोंडाला लावायला सांगायचे. एसटी थांबली की मान वर करायचे. शेवटी तोंडानं बोलता येत नव्हतं तेव्हा हातानं खुणा करायचे, आमाला कळायचं न्हाई काय म्हणायलेत. सिताराम ऐकत राहिला. पुडा मांडीवर तसाच होता. तिनं विचारलं, "हे काय आणलं?"

"पेढे. विद्यापीठाचे."

सुमनबाईनं पुडा घेतला. थोडा वेळ ती हातात धरून बसली. दुःखाचं घर, काय करावं ते तिला कळत नसावं. मग तिनं दोरा सोडला, एक पेढा काढून तोंडात टाकला, आणि म्हणाली, "जेवूनच जा. भाकरी टाकायलेच मी."

तो जेवला. त्यानं मागितलं नसताना तिनं दोनदा पिठलं वाढलं. दुपारच्या एसटीनं तो पूर्णेला परतला. गाडीत जागा होती तरी तो दाराजवळच्या सीटवर बसला आणि रस्ताभर बाहेर नवे रूळ टाकणारी माणसं बघत राहिला.